नागभीड रोडवरचं बचत गटाचं साबण दुकान: साबण मस्त, फक्त ते लेबल बदला

आधीच सांगून टाकतो, साबण चांगला आहे, घ्या. कपड्याचा पण आणि अंगाचा पण. रिठ्याचं लिक्विड घ्यायचं असेल तर खाली लिहिलंय ते वाचून घ्या. संत्र्याच्या सालीचं फरशी पुसायचं लिक्विड मला खास वाटलं नाही. आणि पुड्यावर जे "१००% केमिकल फ्री" छापलंय ते मला अजिबात पटलेलं नाही, हे मी दुकान चालवणाऱ्या गटातल्या ताईंना दुकानात उभं राहून सांगितलंय, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही.

दुकान नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातल्या एका गावात आहे, रोडला लागूनच, टिनाचं शेड, पुढे काउंटर आणि मागे काम चालतं. मागून उतार आहे आणि उताराखाली मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव). हा तलाव लक्षात ठेवा कारण अर्धा रिव्ह्यू त्याच्यावरच आहे.

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात शेवटचा, म्हणजे सोळावा धडा ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचा आहे. त्यात पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेली ग्रीन केमिस्ट्रीची (कमी कचरा, कमी धोका होईल अशा केमिस्ट्रीची) बारा तत्त्वं आहेत, आणि पोरं ती बारा ओळी पाठ करून जातात, पेपरात उतरवतात, मार्क मिळतात आणि संपलं. मला फार वाईट वाटतं याचं कारण त्या बारा ओळींमधे जे आहे ते खरंतर कुठल्याही वस्तूला विचारायचे प्रश्न आहेत, की हे कशापासून बनलं, बनवताना काय वाया गेलं, बनवणाऱ्याच्या जिवाला काय धोका, आणि वापरून झाल्यावर हे जातं कुठं. म्हणून मी पोरांना घेऊन या दुकानात गेलो आणि हेच प्रश्न तिथं विचारले, आणि महत्त्वाचं म्हणजे बहुतेकांची उत्तरं मिळाली. मोठ्या कंपनीच्या साबणाच्या पुड्यावरून अशी उत्तरं मिळत नाहीत.

आता साबण. कपड्याच्या वडीत टोरीचं (मोहाच्या बियांचं) तेल ७० टक्के आणि खोबरेल ३० टक्के. अंगाच्या साबणात खोबरेल थोडं जास्त आणि एका प्रकारात हळद. नुसत्या टोरीच्या तेलाला फेस कमी येतो म्हणून खोबरेल घालावं लागतं, आणि ते आपल्याकडे होत नाही, बाहेरून येतं. ताईंनी हे न विचारता सांगितलं, मला आवडलं.

बनवताना बघायला मिळालं ते सविस्तर लिहितो. स्टीलचा गंज, अ‍ॅल्युमिनियमचा नाही, कारण कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, तेलाचा साबण हाच करतो) अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक हळूहळू, उलटं कधीच नाही. हातात रबरी ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, बाजूला साध्या पाण्याची भरलेली बादली, आणि कॉस्टिक टाकताना लहान पोरांना शेडच्या बाहेर काढलेलं. वजनकाटा एका ग्रॅमचा. एक किलो खोबरेलाला साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो आणि टोरीच्या तेलाला १३५ ते १४० च्या मधात, म्हणजे या ७०-३० च्या मिश्रणाला किलोमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास झालं. या बायका १४३ ग्रॅमच टाकतात. मुद्दाम पाच टक्के कमी, म्हणजे सगळा कॉस्टिक तेलासोबत संपून जातो, वडीत मोकळा उरत नाही, उलट थोडंसं तेलच शिल्लक राहतं आणि हाताची कातडी फाटत नाही. मी एक वडी कॉलेजच्या लॅबमधे नेऊन तिचा कीस अल्कोहोलमधे विरघळवला आणि फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कली असली की गुलाबी होणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकले, गुलाबी झालं नाही. म्हणजे मोकळा कॉस्टिक नाही. (पाण्यात टाकून बघू नका, पाण्यात साबण स्वतःच अल्कलाइन असतो, तिथं चांगला साबण पण गुलाबी दाखवतो.)

आता पोरांना जे फळ्यावर करून दाखवलं ते इथं पण लिहितो, कारण मला हे खरंच सुंदर वाटतं. हिशोब सोपा जावा म्हणून तेलात नुसतं स्टिअरिक अ‍ॅसिड (तेला-चरबीतलं एक आम्ल) आहे असं धरा. अशा तेलाच्या एका रेणूचं वजन ८९१, त्याला कॉस्टिकचे तीन लागतात म्हणजे १२०, एकूण १०११. त्यातून साबण निघतो ९१९ आणि ग्लिसरीन ९२. परत बेरीज १०११. म्हणजे टाकलेल्या मालातला ९१ टक्के तर नुसता साबणच झाला आणि उरलेलं ग्लिसरीन, ते या पद्धतीत वडीतच राहतं आणि कातडीला मऊ ठेवतं, म्हणजे फेकायला काहीच नाही. याला अ‍ॅटम इकॉनॉमी म्हणतात, बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली, आणि बारा तत्त्वांमधलं दुसरं तत्त्व तेच आहे. तुलनेला आयबुप्रोफेन घ्या, अंगदुखीची गोळी, आपल्या गावातल्या प्रत्येक मेडिकलमधे मिळते. ती बनवायच्या जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि टाकलेल्या मालापैकी जेमतेम ४० टक्के गोळीत जायचं, बाकी सगळं कचरा. १९९० च्या दशकात तीन पायऱ्यांची नवी पद्धत आली आणि तोच आकडा ७७ वर गेला. गोळी तीच, असर तोच, फक्त बनवायची वाट बदलली. हे जे केलं ना ते मोठ्ठं काम आहे. आणि इथं सिंदेवाहीच्या बाजूला टिनाच्या शेडमधे तेच तत्त्व वजनकाट्यावर रोज चालू आहे, फक्त कोणी तसं म्हणत नाही.

गॅस फारसा लागत नाही. कॉस्टिक पाण्यात पडला की पाणी स्वतःच तापतं, तेवढी उष्णता पुरते. फक्त थंडीत टोरीचं तेल थिजतं तेव्हा ते पातळ करायला डबा उन्हात ठेवतात, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाची कमी कधीच नव्हती. मग वड्या कापून बांबूच्या तट्ट्यावर चार ते सहा आठवडे सुकत ठेवतात. घाई करून ओली वडी विकत नाहीत, संपली असेल तर संपली म्हणून सांगतात.

कॉस्टिकचा साठा पण बघितला, एक छोटा घट्ट झाकणाचा डबा, लागेल तेवढाच आणतात. मी हे मुद्दाम विचारलं होतं. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जे झालं ते टाकीत जवळपास ४० टन मिथाइल आयसोसायनेट (वायू होऊन पसरणारं अतिशय विषारी रसायन) साठवून ठेवलं होतं म्हणून एवढं झालं, आणि तिथं जे कीटकनाशक बनायचं ते कार्बारिल, तो वायू मधात न आणता बनवायची पद्धत पण माहीत होती. शेवटचं, बारावं तत्त्व याच्यावरच आहे, की अपघात झालाच तर तो लहानच राहील असं सामान आणि असा साठा निवडा. कॉस्टिकची त्या वायूशी बरोबरी नाही हे मला माहीत आहे, पण कॉस्टिकनं डोळा जातो, आणि शेडमधे काम करणारी माणसं आपल्याच घरची आहेत.

तेल कुठून येतं. पावसाळ्याच्या तोंडावर टोरी वेचतात, गटातल्याच बायका आणि आजूबाजूच्या गावातल्या. तेल तेलघाणीवर काढतात. मोठ्या मिलमधे पेंडीतलं उरलेलं तेल हेक्झेन टाकून ओढून घेतात, ते पेट्रोलियममधून येतं, पेट घेणारं, आणि त्याच्या वाफेत रोज काम केलं तर हातापायाच्या नसा खराब होतात. तेलघाणीत ते नाही. पण तेलघाणीत बरंच तेल पेंडीत राहून जातं हे पण खरं आहे, म्हणजे तेवढ्याच साबणासाठी जास्त टोरी वेचावी लागते. दोन्हीत काहीतरी सोडावंच लागतं, मी तेलघाणीच्या बाजूनं आहे.

आणि आता माझी खरी तक्रार, पेंड. टोरीच्या पेंडीत सॅपोनिन (झाडांमधला फेस आणणारा पदार्थ) असतं, ढोरांना तशीच चारता येत नाही आणि माशाला तर ते विषच आहे. मत्स्यपालनवाले तळ्यात बीज सोडायच्या आधी नको असलेले मासे मारायला हीच मोहाची पेंड वापरतात, म्हणजे विचार करा. आमचे ढिवर बांधव या तलावावर पोट भरतात. आणि मी गेलो तेव्हा पेंडीची पोती शेडच्या मागं उघडीच पडलेली, नाली तिथून सरळ तलावाकडे जाते, आणि आभाळ भरून आलेलं. मी ताईंना म्हटलं, हे आजच्या आज हलवा. त्या बोलल्या, "सर, पेंड धानाच्या बांधीतच टाकतो आमी, खत म्हनून. पोते नेयाले गाडी याची हाये." खत म्हणून बरोबरच आहे, मातीत सॅपोनिन कुजून जातं, पण गाडी येईपर्यंत पाऊस थांबत नाही. नंतर गेलो तेव्हा पोती आत, ओट्यावर, ताडपत्री टाकून ठेवलेली होती. पण नाली अजून उघडीच आहे. तिच्या तोंडाशी एक खड्डा केला पाहिजे आणि तो होईपर्यंत मी विचारत राहणार. कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा होऊच न देणं हे पहिलं तत्त्व आहे, आणि ते नेमकं इथंच, मागच्या दारात, कमी पडतंय.

यालाच लागून रिठ्याचं लिक्विड. काम चांगलं करतं, लोकरीचे कपडे, शाली, रेशमी साडी याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण फेस येतो तो त्याच सॅपोनिनचा. आपल्याकडे समज असा की झाडावरून आलं म्हणजे बिनधास्त, तलावाच्या पायऱ्यांवर बसून धुवा. असं नाही. थोड्या पाण्यात जास्त रिठा गेला की मासोळीच्या कल्ल्यांवर असर होतो. घरी धुवा, पाणी केळीच्या, अळूच्या बुडाशी सोडा, काही होत नाही. हे एवढं बाटलीवर लिहून द्यायला पाहिजे.

उलट बाजू पण सांगतो कारण डिटर्जंटला सरसकट विष म्हणणारे बरेच भेटतात. पूर्वीच्या डिटर्जंटमधे फांद्या फुटलेल्या साखळीचा रेणू असायचा, तो जिवाणूंना तोडताच यायचा नाही, अमेरिका-युरोपच्या नद्यांवर फेसाचे ढीग उभे राहायचे. १९६० च्या दशकात केमिस्ट लोकांनी साखळी सरळ केली आणि जिवाणू ती खाऊ लागले. दहावं तत्त्व, वापर झाल्यावर विरघळून, कुजून जाईल असंच बनवा, त्याचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्गात सापडत नाही, आणि गंमत म्हणजे ते तत्त्व कागदावर यायच्या तीस-पस्तीस वर्षं आधीचं आहे. पण ती सरळ साखळी कुजायला हवा लागते, तलावाच्या तळच्या गाळात हवा नसते, तिथं ती तशीच पडून राहते. शिवाय मूळ माल पेट्रोलियमचा. आणि पावडरमधे फॉस्फेट असेल तर तलावाला खत मिळतं आणि शेवाळ माजतं. ताईंच्या वडीत यातलं काहीच नाही, तेलाचा साबण जिवाणू पटकन खातात. म्हणून तलावाकाठच्या गावांना मी हीच वडी सुचवेन.

आता वापरून कसं वाटलं. विहिरीच्या आणि पावसाच्या पाण्यात एकदम छान, कॉलरचा मळ निघतो, हाताची आग होत नाही. बोअरच्या पाण्यात मात्र त्रास आहे. आमच्या बोअरचं पाणी भारी जड, त्यातल्या कॅल्शियमसोबत साबणाचा पांढरा चोथा होतो, बादलीच्या काठाला चिकटतो, आणि पांढरे कपडे हळूहळू करडे दिसायला लागतात. हा या वडीचा दोष नाही, कुठल्याही खऱ्या साबणाचं असंच आहे, डिटर्जंट त्यासाठीच तर आलं. उपाय सोपा, बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा टाका, पाच-दहा मिनिटं थांबा, कॅल्शियम खाली बसतं, मग वरचं पाणी घेऊन साबण लावा. पावसाळ्यात वडी लवकर गळते, जाळीवर ठेवा. वास टोरीचा येतो, मला चालतो, आमच्या घरी सगळ्यांना चालत नाही.

हळदीचा अंगाचा साबण पिवळा नाही, विटकरी-नारिंगी आहे, आणि लोक म्हणे हळद नकली आहे म्हणून परत करतात. अहो, हळद अल्कलीत लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच कारणानं. ताईंनी वेगळा पिवळा रंग घातलेला नाही म्हणूनच तो तसा दिसतो. घ्या बिनधास्त.

संत्र्याच्या सालीचं फरशीचं लिक्विड: वास छान, चिकट डाग निघतात, पण काही वेगळं नाही. सालीतलं लिमोनीन हवा लागून जुनं झालं की काहींच्या कातडीला खाज आणतं, तर जुनी बाटली नको, ताजी मागा.

आता लेबल. मी ताईंना विचारलं, हे केमिकल फ्री कायले छापलं? त्या म्हणाल्या, "सर, गिऱ्हाईक पयलेच इच्यारते, यात केमिकल हाये का म्हनून. हाये म्हनलं तं वडी ठेवून देते." मला त्यांची अडचण समजते, दुकान चालवायचं आहे. पण कॉस्टिक सोडा केमिकल आहे, तेल केमिकल आहे, ग्लिसरीन पण आहे आणि पाणी पण. कॉस्टिक नसेल तर साबण होतच नाही, कुठलाच नाही. आणि माझं दुःख वेगळं आहे, ग्रॅम ग्रॅम मोजून, पाच टक्के राखून, चष्मा लावून, महिना-दीड महिना वाळवून या बायका जी केमिस्ट्री करतात ती इतकी स्वच्छ आहे आणि पुड्यावर लिहिलंय की केमिस्ट्री केलीच नाही. त्यांचं सगळ्यात मोठं काम त्या लेबलनं झाकलं गेलंय. आणि उद्या दुसरा कोणी काहीही भरून तेच तीन शब्द छापेल, तेव्हा गिऱ्हाइकाला फरक कसा कळणार?

मी म्हटलं, जे खरं आहे तेच छापा. टोरीचं तेल, खोबरेल, कॉस्टिक सोडा, आणि खाली "कॉस्टिक साबण होताना पूर्ण संपतो, ग्लिसरीन वडीतच आहे, पेट्रोलियम नाही, फॉस्फेट नाही". गटातल्या एक काकू बराच वेळ ऐकत होत्या, त्या बोलल्या, "मंग आमी मोजून टाकतो हे बी लिवा ना. वजन तं मीच करतो." माझ्या मते लेबलवर हीच ओळ सगळ्यात वर पाहिजे. जुने छापलेले पुडे संपेपर्यंत तेच चालणार आहेत, ते फेकू नका असं मीच सांगितलं, पण पुढची छपाई नवी करायचं कबूल केलंय. बारावीच्या दोन पोरींनी मजकूर लिहून पण दिलाय.

भाव: कपड्याची वडी ३० रुपये, अंगाची ४५, हळदीची ५०. कंपनीच्या वडीपेक्षा महाग आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला कपड्याची वडी परवडत नाही हे मला खटकतं, आणि गटालाही, म्हणून कडेचे कापलेले तुकडे किलोवर स्वस्तात देतात, साबण तोच. तुकडे संपतात लवकर. लिक्विडसाठी स्वतःची बाटली नेली तर पाच रुपये कमी घेतात. पुडा कागदाचा आहे, प्लास्टिक नाही.

बुधवारी बाजार असतो म्हणून दुकान दुपारनंतर बंद. ऑनलाइन पेमेंट चालतं पण नेटवर्क नसतं, सुटे पैसे ठेवा. आणि गेलात तर मागच्या नालीजवळ खड्डा झाला का तेवढं बघून मला कळवा.